डे-लिली : वाटल्याने वाढणारे झाड

बँकेच्या सेवेतून निवृत्त होऊन मला आता आठ वर्षे होत आली. अडतीस वर्षे इतरांच्या ठेवींचा हिशेब ठेवला. ती सवय हात सोडीत नाही. म्हणून गंगापूर रोडवरील आमच्या घरापुढच्या वाफ्यासाठी मी एक वही घातली आहे. डाव्या रकान्यात तारीख आणि उजव्या रकान्यात त्या दिवशी उमललेल्या फुलांची संख्या, एवढीच तिची मांडणी. सौभाग्यवती तिला गमतीने ‘रोजकीर्द’ म्हणतात. या रोजकीर्दीत कालची शिल्लक आज पुढे ओढता येत नाही. पहाटे उमललेले फूल संध्याकाळी मिटते आणि दुसऱ्या दिवशी नव्या कळीपासून नवा हिशेब सुरू होतो.

ज्या झाडाची ही वही आहे, त्याला रोपवाटिकेत ‘डे-लिली’ म्हणतात. मराठीत त्याला रूढ नाव नाही. आमच्या घरात मात्र ते ‘बाईंचे झाड’ म्हणून ओळखले जाते. बाई म्हणजे आमच्या मातोश्री.

१९६९ साली बाईंना दीर्घ दुखण्यानंतर हवापालटासाठी देवळाली कॅम्पला नेले होते. देवळालीची कोरडी, मोकळी हवा प्रसिद्ध. निरनिराळ्या समाजांनी तेथे बांधलेली सॅनिटोरियम आजही आहेत. अशाच एका ठिकाणी बाई महिनाभर राहिल्या. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्यांच्या खोलीसमोर तांबूस केशरी फुलांची एक लांब रांग होती. झोपून असलेल्या माणसाला रोज सकाळी नवी फुले दिसत आणि ती मोजण्यात बाईंचा वेळ जाई. निघताना तेथील माळीबाबांनी चार फुटवे ओल्या गोणपाटात गुंडाळून हाती दिले. रविवार कारंजाजवळच्या आमच्या वाड्यात, मागील चौकात हौदाशेजारी बाईंनी ते लावले. पुढच्या बाजूला वडिलांची भुसार मालाची पेढी आणि मागे हे फुलांचे बेट, अशी आमच्या बालपणाची रचना होती.

बाई फूल कोणाला तोडू देत नसत. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसण्यापूर्वी मिटलेली फुले अलगद काढून त्या झाडाच्याच मुळाशी ठेवीत. दर तीन-चार वर्षांनी कार्तिकी पौर्णिमा झाली की बेट उकरून त्याचे भाग करीत आणि शेजारी, नणंदांकडे, भाचींच्या सासरी देत. सिन्नर, येवला, संगमनेर येथील कितीतरी अंगणांत ते झाड असेच गेले.

नावाची लिली

हे झाड खऱ्या अर्थाने लिली नव्हे. लिलीला कांदा असतो. डे-लिलीला कांदा नसतो, तर पांढरी, मांसल, बोटभर जाडीची मुळे असतात. पाने लांब, गवतासारखी, मधोमध दुमडलेली असून जमिनीतून जोडीजोडीने निघतात व हातपंख्यासारखी पसरतात. अशा पानांच्या प्रत्येक झुबक्याला बागकाम करणारे ‘पंखा’ म्हणतात. पाने आणि मुळे जेथे एकत्र येतात तो पांढुरका सांधा म्हणजे झाडाची मान. झाडाचा जीव तेथे असतो. पंख्याच्या मधून दोन-तीन फूट उंच, पाने नसलेला फुलदांडा निघतो आणि त्यावर दहा-पंधरा, कधी त्याहूनही अधिक कळ्या येतात. बहुधा एका दिवशी त्यांतील एक-दोनच उमलतात. म्हणून फुलाचे आयुष्य एक दिवसाचे असले, तरी दांड्याचा बहर दोन-तीन आठवडे चालतो.

याचे शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. ग्रीक भाषेतील ‘दिवस’ आणि ‘सौंदर्य’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे. मूळ स्थान चीन, कोरिया व जपान. सोळाव्या शतकात ते युरोपात पोहोचले होते. लिनियसने १७५३ साली हे नाव ग्रंथात नोंदविले. चीनमध्ये याच्या कळ्या वाफवून, वाळवून स्वयंपाकात वापरतात आणि ‘सोन्याच्या सुया’ अशा अर्थाच्या नावाने त्यांचा व्यापार चालतो. मात्र रोपवाटिकेतील संकरित जाती शोभेसाठी आहेत. त्यांच्यावर खाण्याचे प्रयोग कोणी करू नयेत. चिनी परंपरेत या झाडाचे एक नाव ‘चिंता विसरायला लावणारे’ अशा अर्थाचे आहे आणि दुसऱ्याच्या आईचा आदराने उल्लेख करण्याचा जुना चिनी शब्दही याच झाडाच्या नावावरून आलेला आहे. हे वाचले तेव्हा बाई हयात नव्हत्या. असत्या, तर देवळालीच्या त्या खोलीतून त्यांना ते आधीच ठाऊक होते, असेच त्या म्हणाल्या असत्या.

बाईंच्या झाडाला इतक्या वर्षांत कधी बी धरले नाही. मला ते झाडाचे वैगुण्य वाटे. पुढे वाचनातून उलगडा झाला. सर्वसाधारण डे-लिलीच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात. जगभर सर्वाधिक पसरलेल्या जुन्या तांबूस केशरी प्रकारात ती ३३, म्हणजे तिप्पट संचाची असतात. असा विषम संच असल्यामुळे त्याला सहसा बी धरत नाही. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातील ए. बी. स्टाउट या शास्त्रज्ञांनी या झाडांवर अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९३४ साली त्यांचा डे-लिलीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा की, हे केशरी फूल जेथे जेथे दिसते, तेथे ते वाऱ्याने किंवा पाखरांनी क्वचितच नेले असेल. बहुतेक ठिकाणी कोणीतरी बेट फोडून त्याचा भाग दुसऱ्याच्या हाती दिला आहे.

एक बरोबर हिशेब

आता थोडे घरचे सांगणे भाग आहे. १९९८ साली वडील गेले आणि आम्हा तिघा भावांत वाटणी झाली. एम.कॉम. झालेला आणि बँकेतला म्हणून वाटणीचा तक्ता मी तयार केला. पेढी, माल, उधारी, दागिने, वाड्याच्या खोल्या, सर्वांची किंमत लावून तीन रकाने पाडले. तिन्ही रकान्यांची बेरीज रुपयापर्यंत जुळली. पेढीला लागून गल्लीकडे उघडणारी एक खोली होती. ती थोरल्या बंधूंच्या, ज्यांना आम्ही भाईजी म्हणतो, त्यांच्या वाट्यास आली आणि पेढी मधल्या बंधूंच्या. त्या खोलीवाचून पेढीचा माल उतरविता येत नव्हता. तक्त्यात खोलीची किंमत होती. तिचा उपयोग कोणाला आहे, याचा रकाना मी ठेवला नव्हता. दोघा भावांचे बोलणे त्या वर्षी थांबले. मधले बंधू पेढी घेऊन नाशिकरोडला गेले.

बाई २००९ साली गेल्या. त्यानंतर दहा वर्षे ते बेट कोणी उकरले नाही. २०१९ साली वाडा पाडून नवी इमारत उभी करण्याचा करार झाला, तेव्हा मी चौकात जाऊन पाहिले. पानांचे दाट रान माजले होते. पण भाईजींच्या सांगण्याप्रमाणे त्या उन्हाळ्यात अवघे दोन दांडे आले होते. जुन्या डे-लिलीचे हे लक्षण सर्वांनी लक्षात ठेवावे. बेट तीन ते पाच वर्षांत विभागले नाही, तर मुळे एकमेकांत गुंततात, मधल्या पंख्यांना अन्नपाणी मिळेनासे होते आणि फुले घटत जातात. झाड मरत नाही, पण फुलतही नाही.

त्या वर्षी १२ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा होती. तिच्यानंतरच्या रविवारी मी कुदळ आणि घमेले घेऊन वाड्यात गेलो. बेटाभोवती वीतभर अंतर सोडून खणले, पहारीने अख्खा गड्डा उचलला, बादलीभर पाण्यात बुडवून माती सैल केली. सुरीने कापण्याऐवजी दोन्ही हातांनी पंखे हलके हलके हलवून मोकळे केले. असे केल्याने मुळे कमी तुटतात. कुजलेली, पोकळ मुळे काढून टाकली. पाने वीतभर ठेवून छाटली, कारण तुटक्या मुळांना सगळ्या पानांना पाणी पुरविता येत नाही. मग पंखे मोजले. ३१ भरले.

दहा-दहाचे तीन भाग झाले आणि एक उरला. उरलेला एक कोणाचा, हा प्रश्न व्यापारी घरात सहज सुटत नाही. तो मी बांधकामावरच्या रखवालदाराच्या मुलीला दिला. भाईजींनी आपले दहा निमूटपणे घेतले. मधल्या बंधूंना मी फोन केला. ते आले नाहीत. पण संध्याकाळी त्यांच्या सूनबाई आल्या आणि पिशवी घेऊन गेल्या.

लागवड : भाईजींची चूक

भाईजींनी इंदिरानगरच्या नव्या घराच्या कुंपणालगत त्याच दिवशी फुटवे लावले. बाईंचे झाड म्हणून त्यांनी ते खोल, हातभर खड्डा करून ‘पक्के’ बसविले आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. जमीन निव्वळ काळी, चोपण. पहिला उन्हाळा झाडांनी कसाबसा काढला. २०२० च्या पावसाळ्यात माना मऊ पडल्या, पाने हाताने ओढली तरी निघून येऊ लागली आणि ऑगस्टपर्यंत दहाच्या दहा पंखे कुजून गेले. डे-लिली हे अत्यंत काटक झाड आहे. तिला मारण्याचे बहुधा दोनच मार्ग आहेत, खोल लावणे आणि पाणी साचू देणे. भाईजींकडून मायेपोटी दोन्ही घडले.

म्हणून आपल्याकडील जमिनीत पुढीलप्रमाणे लागवड करावी.

नाशिक परिसरातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि बहुधा चुनखडीयुक्त असते. तिच्यात प्रथम वीतभर उंचीचा गादीवाफा करावा. दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत अथवा पालापाचोळ्याचे खत, असे मिश्रण चांगले चालते. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट पडतो. तेथील वाचकांनी वाफा अधिक उंच ठेवावा.

खड्ड्याच्या तळाशी मातीचा छोटा उंचवटा करावा. त्यावर फुटव्याची मान टेकवून मुळे चोहोबाजूंनी छत्रीसारखी पसरावीत. वर माती लोटल्यावर मान बोटाच्या दोन पेरांहून खोल जाता कामा नये. पूर्वी माती कोठपर्यंत होती, हे पानांच्या बुडाशी असलेल्या पांढऱ्या पट्ट्यावरून कळते. तीच खूण धरावी. दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर हवे. सुरुवातीस जागा ओकीबोकी दिसते. दोन वर्षांत ती भरते.

सदनिकेत राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. एका पंख्याला बारा इंची कुंडी पुरते. तळाशी छिद्रे मोकळी असावीत आणि कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. मात्र एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन गडद रंगांची फुले करपविते. तेव्हा सकाळपासून दुपारी एक-दोन वाजेपर्यंत ऊन आणि नंतर विरळ सावली, अशी पूर्वाभिमुख गॅलरी सर्वोत्तम. ज्या गॅलरीत ऊन येतच नाही, तेथे पाने येतील, फुलांची आशा धरू नये.

लागवडीचा व विभागणीचा काळ आमच्याकडे कार्तिकी पौर्णिमेनंतरचा. चातुर्मासात जमीन खणू नये, हा अनेक घरांतील नेम आहे. पावसाने मातीत जीवोत्पत्ती वाढलेली असते, हे त्यामागील कारण आपण सर्व जाणतो. बागकामाच्या दृष्टीनेही तोच काळ योग्य ठरतो. उष्ण, ओल्या मातीत तुटलेल्या मुळांच्या जखमा कुजतात. नोव्हेंबरच्या थंड, कोरड्या हवेत त्या सुकून भरतात आणि उन्हाळ्यापूर्वी झाडाला मुळे धरायला चार महिने मिळतात.

पाणी, खत आणि जयणा

नवीन लागवडीला पहिले तीन आठवडे माती ओलसर राहील इतके पाणी द्यावे. पुढे हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, पण खोलवर. थोडे थोडे रोज घालण्यापेक्षा एकदा भरपूर घातलेले पाणी मुळांना खाली नेते. मार्चपासून कळ्या दिसू लागल्या की आठवड्यातून दोनदा, मे महिन्यात कुंडीला एक दिवसाआड. कळ्या भरण्याच्या दिवसांत पाणी तुटले, तर त्या पिवळ्या पडून गळतात. पाणी सकाळी आणि मुळाशीच द्यावे. उमललेल्या फुलावर थेंब पडले की डाग पडतात. पावसाळ्यात मात्र आपले काम पाणी घालण्याचे नसून ते वाहून जाते की नाही, हे पाहण्याचे असते.

वाळलेल्या पानांचे दोन बोटे जाडीचे आच्छादन करावे. त्याने पाणी वाचते आणि तण कमी येते, म्हणजे खुरपणीही कमी होते. आच्छादन मानेपासून चार बोटे दूर ठेवावे.

खताविषयी एक गोष्ट आपल्या घरांनी विशेष लक्षात घ्यावी. फुलझाडांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक तयार मिश्रणांत हाडांचा चुरा असतो. माझ्या हातीही सुरुवातीस असे पाकीट आले होते. घरी येऊन बारीक अक्षरांतील घटक वाचले आणि ते परत केले. विकत घेताना घटकांची यादी वाचावी, सुटे मिश्रण असेल तर स्पष्ट विचारावे. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट मिळते; पालाशासाठी लाकडाची राख चालते, पण आपली माती मुळातच अल्कधर्मी असल्याने ती चिमूटभरच वापरावी. एरवी फेब्रुवारीत ओंजळभर शेणखत व मूठभर निंबोळी पेंड आणि बहर संपल्यावर पुन्हा तेवढेच, इतके एका बेटाला पुरते. नत्रयुक्त खत जास्त झाले, तर पाने हिरवीगार होतात आणि फुले कमी. ज्यांच्या वाफ्यात लॉनचे खत वाहून येते, त्यांचा हा अनुभव असेल.

सौभाग्यवतींनी एकदा शंका काढली की, एवढी गड्ड्यासारखी मुळे असलेले झाड आपण लावावे का? मी म्हटले, ते आपल्या ताटात येणार नाही. पण जमिनीत जीव आहे आणि झाडातही, हे विसरून खणायचे नाही, एवढे बंधन जरूर घालून घेऊ. गृहस्थाकडून आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही. जयणा मात्र पाळता येते. म्हणून आम्ही वर्षातून एकदाच आणि ज्या बेटाला गरज आहे तेवढेच खणतो.

कीड, रोग आणि मांजर

कोवळ्या दांड्यावर मावा आणि कळ्यांवर फुलकिडे येतात. फुलकिड्यांमुळे कळ्या वाकड्या होतात आणि पाकळ्यांवर पांढरट ओरखडे दिसतात. उन्हाळ्यात पानाच्या खालच्या बाजूस लाल कोळी होऊन पाने फिकट ठिपकेदार पडतात. विषारी फवारे मी वापरीत नाही. नत्र बेताने दिले, झाडांत हवा खेळती ठेवली आणि कोळ्यांच्या दिवसांत सकाळी पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा हलका शिडकावा केला, तर त्यांचा प्रादुर्भाव होण्याआधीच रोखला जातो, कारण कोळ्यांना कोरडी, धुळकट हवा मानवते. पावसाळ्यात गोगलगायी येतात. त्या संध्याकाळी कागदावर उचलून दूर मोकळ्या जागेत सोडाव्यात. पानावर बोट फिरविल्यावर केशरी भुकटी लागली, तर तो तांबेरा रोग समजावा. तशी पाने बुडाशी छाटून टाकावीत आणि झाडे विरळ करावीत.

आणखी एक महत्त्वाची सूचना. डे-लिली मांजरांना अत्यंत घातक आहे. पान, फूल किंवा पराग पोटात गेले, तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जीवदयेपोटी दारी येणाऱ्या मांजरांना दूध घालणारी पुष्कळ घरे आपल्यात आहेत. अशा घरांनी हे झाड मांजरांच्या वाटेवर लावू नये; घरात मांजर पाळले असेल, तर दुसरे फूल निवडावे.

निवड

मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणत. आजही येथे रोपवाटिकांची वाण नाही, पण ‘लिली’ या शब्दाखाली वाटेल ते मिळते. मी एकदा पिवळी डे-लिली म्हणून आणलेले रोप पहिल्या पावसात वीतभर उंचीची गुलाबी फुले घेऊन उभे राहिले. ती पावसाळी लिली होती. म्हणून रोप फुलावर असताना घ्यावे किंवा कुंडीतून किंचित उपसून पाहावे. कांदा दिसला, तर ती पावसाळी लिली, अमेरिलिस किंवा स्पायडर लिली असेल. मांसल मुळांचा झुबका आणि पंख्यासारखी पाने असतील, तरच डे-लिली.

१९४६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या डे-लिली संस्थेकडे आजवर ऐंशी हजारांहून अधिक संकरित जातींची नोंद झाली आहे. पिवळा, केशरी, लाल, गुलाबी, जांभळा, जवळजवळ पांढरा, असे रंग त्यांत आहेत; शुद्ध निळा अद्याप साधलेला नाही. काही जाती हिवाळ्यात पूर्ण सुप्त होतात आणि त्यांना कडक थंडी लागते; काही सदाहरित असतात. निफाडच्या पाऱ्याची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येत असली, तरी आपली थंडी थोड्या दिवसांची. तेव्हा नव्या जाती घेताना सदाहरित किंवा अर्धसदाहरित मागाव्यात. हे फूल पुष्पप्रदर्शनात मात्र बक्षीस मिळविणार नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील प्रदर्शन जानेवारीत असते, तेव्हा आपल्या डे-लिलीला कळीही नसते. तिचा बहर मार्चअखेरपासून जूनपर्यंत, आणि पहिल्या सरींनंतर काही जातींचा थोडासा दुसरा.

पुन्हा वाटणी

भाईजींचे पंखे कुजल्याचे मी मधल्या बंधूंना बोलण्याच्या ओघात सांगितले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपले दहा पंखे गच्चीवर कापलेल्या पिंपांत लावले होते आणि पाण्याचा निचरा होत असल्याने ते उत्तम वाढले होते. २०२१ साली कार्तिकी पौर्णिमेनंतर एका सकाळी पुतण्या स्कूटरवरून भाईजींच्या दारी आला. मी तेथेच होतो. ओल्या गोणपाटात आठ पंखे होते. त्यांना पेढीच्या जुन्या पावतीपुस्तकातील एक कागद बांधलेला होता. त्यावर मधल्या बंधूंच्या अक्षरात लिहिले होते, ‘मानेपर्यंतच माती. पाणी आठवड्याला एकदा.’ खाली सही नव्हती. तेवीस वर्षांत एका भावाने दुसऱ्याला लिहिलेला तो पहिला कागद.

भाईजींनी तो दोनदा वाचला. पुतण्याला विचारले, “त्याच्याकडे किती उरले?”

“चोवीस असतील, काकासा.”

“मग ठीक,” ते म्हणाले आणि मला म्हणाले, “तू लाव. मी फक्त बघतो.”

गादीवाफा आम्ही दोघांनी मिळून केला. मी मातीचा उंचवटा करीत होतो आणि भाईजी बोटाची दोन पेरे लावून खोली तपासत होते. पहिल्या उन्हाळ्यात पाने आली, फूल आले नाही. विभागणीनंतर एक बहर चुकणे सर्वसाधारण आहे, हे मी त्यांना चार वेळा समजावले. एप्रिल २०२३ मध्ये पहिले फूल उमलले. त्या दिवशी भाईजींनी नाशिकरोडला फोन लावला. संभाषण दीड-दोन मिनिटांचे झाले आणि दांड्यावर कळ्या किती, एवढ्याच विषयावर झाले. आता उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी असा फोन होतो. खोलीचा विषय अजून निघालेला नाही. वाडा गेला, खोली गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या गाळ्याचा प्रश्न तसाच आहे. १९९८ चा माझा तक्ता कपाटात आहे. त्यातली बेरीज अजूनही बरोबर आहे.

माझ्या वाफ्यातील रोजकीर्दीप्रमाणे गेल्या हंगामात १४ दांड्यांवर १८३ फुले आली. पहिले २९ मार्चला, शेवटचे १७ जूनला. त्याच्या आधीच्या वर्षी ती दोनशेच्या वर होती. आकडा उतरू लागला, म्हणजे माझे बेट दाट झाले आहे. येत्या कार्तिकी पौर्णिमेनंतर ते उकरावे लागेल. मोजून पाहिले, चाळीसच्या आसपास पंखे निघतील. दहा मला पुरेत. बाकीचे द्यायचे आहेत आणि या वेळी मी तक्ता करणार नाही. जो मागेल आणि ज्याच्याकडे सहा तास ऊन असेल, त्याला द्यावेत, असे ठरविले आहे.

आपल्यापैकी ज्यांना हे झाड लावायचे असेल, त्यांनी रोपवाटिकेत जाण्यापूर्वी नात्यात, शेजारी चौकशी करावी. कोणाच्या तरी परसात, हौदाशेजारी किंवा नळाखाली, फुले येईनाशी झालेले एखादे दाट बेट असेल. त्याला आपण विभागून नेण्याचीच गरज असते. नोव्हेंबरात जावे, ओले गोणपाट बरोबर न्यावे आणि परत येताना मानेपर्यंतच माती, एवढे लक्षात ठेवावे.